'तुमच्या देशातून ही साइट दिसणार नाही' म्हणे!

लेथवाला

मंडळी नमस्कार,

नाशिकला अंबडमध्ये आमचं छोटं वर्कशॉप आहे. सहा माणसं, दोन लेथ, एक मिलिंग आणि एक जुनं अमेरिकन सरफेस ग्राइंडर. ते दहा वर्षांपूर्वी सातपूरच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात घेतलं होतं. वजन हत्तीचं, काम सोनाराचं. गेल्या पंधरवड्यापासून त्याचा स्पिंडल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, गुणगुणायला लागलाय आणि जॉबवर बारीक लहरी उमटतायत. बेअरिंग गेलं हे उघड आहे. कोणतं बसतं, ते कळायला मॅन्युअल हवं, आणि मॅन्युअल मशीनबरोबर कधी आलंच नाही.

बनवणारी कंपनी अजून चालू आहे. जुनी मॅन्युअलं त्यांनी साइटवर फुकट ठेवली आहेत, असं एका अमेरिकन मेकॅनिकच्या व्हिडिओत पाहिलं. हौसेने पत्ता टाकला, तर पांढऱ्या पानावर इंग्रजीत एकच वाक्य, की तुमच्या देशातून या साइटला प्रवेश नाही. खाली एक लांबलचक आकडा. बास.

मग रात्री साडेआठला, म्हणजे त्यांच्या सकाळी, फोन लावला. बाई फार गोड. म्हणाल्या, "सर, सगळी मॅन्युअलं आमच्या वेबसाइटवर आहेत." मी म्हटलं, मॅडम, तीच उघडत नाहीये. "ब्राउझर बदलून बघा." बदलून झालाय. "मग वेबसाइटवर तक्रारीचा फॉर्म आहे, तो भरा."

हा अनुभव आणखी कुणाला आलाय का? आणि मुळात हे लोक असं का करतात? मी त्यांचं मशीन चोरून नेणार होतो का? ते तर आधीच माझ्याकडे आहे.

मिसळसम्राट

आधी आयएसडीचं बिल किती आलं ते सांगा, मग सांत्वन करतो.

सीबीएस_ते_सातपूर

व्हीपीएन लावा, म्हणजे साइटला तुम्ही दुसऱ्याच देशातून आल्यासारखं दिसतं. विषय संपला.

लेथवाला

@सीबीएस_ते_सातपूर, लावून पाहिला, फुकटातला. आता साइट विचारते तुम्ही रोबो आहात का. नऊ चित्रांत ट्रॅफिक सिग्नल शोधा. शोधले की पुन्हा नऊ. मग मोटारसायकली. मग परत तेच पांढरं पान.

शून्य_एक

मी याच धंद्यात आहे, म्हणजे लोकांच्या साइट सांभाळतो. शिव्या खायची तयारी ठेवून दुसरी बाजू सांगतो.

इंटरनेटवर प्रत्येकाला एक आयपी पत्ता असतो. जगात हे पत्ते वाटणाऱ्या पाच विभागीय संस्था आहेत, आपल्याकडची एपीनिक. कोणता गठ्ठा कोणत्या देशातल्या कंपनीला दिला याची नोंद असते, त्यावरून काही खासगी कंपन्या याद्या बनवून विकतात. साइटचा मालक त्या यादीवर बोट ठेवून सांगतो, हा देश आत, तो बाहेर. क्लाउडफ्लेअरसारख्या, साइटच्या दारावर पहारा देणाऱ्या सेवेत हे दोन मिनिटांचं काम आहे. पानावर 1009 असा आकडा दिसला, तर समजा मालकाने तुमचा अख्खा देश किंवा प्रदेश बंद केलाय. नुसतं 403 दिसलं तर 'मनाई', कारण काहीही असू शकतं. व्हीपीएनवाल्यांचे पत्ते डेटा सेंटरचे असतात आणि त्यांच्याही याद्या असतात, म्हणून ते सिग्नल आणि मोटारसायकली.

आता का करतात? माझ्या एका ग्राहकाची साधी साइट आहे. चार पानं, एक फोन नंबर, दुकानाचा फोटो. एका रात्रीत तिच्या लॉगिनच्या पानावर हजारो वेळा पासवर्ड टाकून पाहिले गेले, सगळे बाहेरच्या देशांतून. साइट बसली. मालक वर्षाला मला चार हजार देतो. त्यात मी काय तटबंदी बांधणार? परदेश बंद केला, सकाळी शांतता. लेथवाला, तुमच्या त्या अमेरिकन कंपनीतही असाच कुणीतरी माझा भाऊबंद बसला असेल. निर्बंधांचं प्रकरण म्हणावं तर क्यूबा, इराण, उत्तर कोरिया या यादीत आपण नाही. भारतात गिऱ्हाईक नाही, भारतातून नको ती वर्दळ येते, करा बंद. एवढाच विचार असणार.

गोदाकाठची_पोर

@शून्य_एक, 'सकाळी शांतता' वाचून हात शिवशिवले. आता दुसरी सकाळ ऐका.

मी मूळची इंदिरानगरची, नऊ वर्षं जर्मनीत. आई 74 वर्षांची, एकटी राहते. तिच्या घराची सगळी बिलं मी इथून भरते, म्हणजे भरायचे. एके महिन्यात एका कंपनीची साइट उघडेना. तुम्हाला निदान पांढरं पान तरी मिळालं. मला काहीच नाही, नुसतं ते गोल फिरणारं चक्र. वाटलं सर्व्हर बंद असेल. दोन दिवस, चार दिवस, आठवडा. मुदत गेली. मग एक दिवस आईचा फोन: "अगं, दारावर कागद चिकटवून गेलेत, कापणार म्हणतायत." शेजारच्या काकूंच्या मुलाने त्याच्या मोबाइलवर तीच साइट उघडली, बिल भरलं आणि मला फोटो पाठवला. त्याच्याकडे तीन सेकंदांत उघडली होती.

कस्टमर केअरला फोन करावा तर तो 1800चा नंबर, तो परदेशातून लागत नाही. ईमेल कुठे? साइटवर.

वर कळस म्हणजे आणखी एका कंपनीची पॉलिसी मी 'अनिवासी भारतीयांसाठी खास' म्हणून घेतली आहे. तिचं पोर्टलही इथून उघडत नाही. अनिवासींसाठी खास, फक्त निवासात येऊन बघायची.

मिसळसम्राट

'निवासात येऊन बघायची' _/\_

मुक्ता_मस्कत

गोदाकाठची_पोर, अगदी अगदी! आम्ही मस्कतला. जानेवारी 2023 मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने दहा देशांतल्या मोबाइल नंबरवर यूपीआय चालू करायला परवानगी दिली, त्यात ओमान आहे. (अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, यूएई वगैरेही. जर्मनी त्या दहात नव्हता, सॉरी गं.) म्हणजे पैसे द्यायची सोय झाली, पण बिल किती ते दाखवणारं पानच उघडत नाही. हातात पैसे घेऊन दुकानाबाहेर उभं राहायचं आणि शटर खाली.

उपाय सांगते. कंपनीच्या साइटवर जाऊच नका. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये बिल भरायची सोय असते, तिथे ग्राहक क्रमांक एकदा नोंदवून ठेवा. बँकेचं ॲप बाहेरून चालतं. सासूबाईंचं विजेचं बिल मी दोन वर्षं असंच भरतेय.

गोदाकाठची_पोर

@मुक्ता_मस्कत, आता तसंच करते. पण हे कळेपर्यंत आईचा जो जीव टांगणीला लागला त्याचं काय?

कायदेपंडित

थोडी जुनी गोष्ट. 25 मे 2018 ला युरोपचा विदा-संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, लागू झाला. दंड 2 कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या 4 टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. त्याच दिवशी लॉस एंजेलिस टाइम्स, शिकागो ट्रिब्यून अशा वृत्तपत्रांच्या साइट युरोपातल्या वाचकांना दिसेनाशा झाल्या. कायदा पाळण्यापेक्षा वाचक घालवणं स्वस्त पडलं. अशा कायदेशीर कारणासाठी 451 हा वेगळा सांकेतिक क्रमांकसुद्धा आहे.

गंमत म्हणजे त्याच वर्षी 3 डिसेंबरपासून युरोपियन युनियनने आपल्या हद्दीत उलटा नियम लागू केला: ग्राहक दुसऱ्या सदस्य देशातला आहे एवढ्याच कारणावरून दुकानाने त्याला साइटवर अडवायचं नाही. अर्थात हे त्यांचं त्यांच्यात. अंबडच्या ग्राइंडरला त्याचा उपयोग शून्य.

सीबीएस_ते_सातपूर

@कायदेपंडित, म्हणजे व्हीपीएन लावला तर गुन्हा का?

कायदेपंडित

व्हीपीएन वापरणं भारतात गुन्हा नाही. पण 28 एप्रिल 2022 ला सर्ट-इनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, निर्देश काढले, की व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायच्या. ते नको म्हणून एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन यांनी त्या वर्षी इथले सर्व्हर काढून नेले. परदेशातल्या मंडळींना 'इंडिया' निवडूनही कधीकधी भारतीय साइट उघडत नाही, त्यामागे हेही असू शकतं. पाटी भारताची, यंत्र सिंगापूरला.

कॉलेजरोडकर

माझं ऐका. मी परदेशात नाही, कुठेच नाही. कॉलेज रोडला तिसऱ्या मजल्यावर बसून घरून काम करतो. परवा दुपारी गाडीचा विमा भरायला गेलो तर साइट म्हणते, ही सेवा भारताबाहेर उपलब्ध नाही. खिडकीतून खाली वडापावची गाडी दिसतेय आणि मी भारताबाहेर! अर्ध्या तासाने ट्यूब पेटली: ऑफिसचा लॅपटॉप, त्याचं सगळं नेट कंपनीच्या सिंगापूरच्या सर्व्हरवरून जातं.

बायको म्हणाली, सिंगापूरला आहातच तर येताना काहीतरी आणा.

शून्य_एक

@कॉलेजरोडकर, हाहा. त्या याद्यांवर फार विसंबू नये हे मात्र खरं. आपल्या भागाकडचे जुन्या पद्धतीचे पत्ते एप्रिल 2011 मध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आले. तेव्हापासून पत्ते विकत घेतले जातात, एका देशातून दुसऱ्या देशात जातात आणि याद्या मागाहून सुधारतात. मध्ये काही महिने तुम्ही कागदोपत्री भलत्याच देशात.

अमेरिकेत तर कहर झाला होता. मॅक्समाइंड नावाची कंपनी अशी यादी पुरवते. 'अमेरिकेत आहे, पण नक्की कुठे माहीत नाही' अशा पत्त्यांसाठी त्यांनी देशाच्या साधारण मध्यावरचा एक बिंदू ठरवला. तो पडला कॅन्ससमधल्या एका शेतघराच्या अंगणात. सुमारे 60 कोटी पत्ते त्या अंगणात राहतात अशी नोंद! फसवणूक कुठेही होवो, पोलीस त्या शेतावर हजर. 2016 मध्ये एका पत्रकाराने हे शोधून काढलं, तेव्हा कंपनीने तो बिंदू हलवून तळ्यात टाकला.

मिसळसम्राट

माझाही पत्ता गंगापूर धरणात हलवा, रिकव्हरीवाले फार येतात.

द्राक्षबाग_निफाड

लिहू की नको करत होतो, पण शून्य_एक भाऊंचं वाचून लिहितोच.

आमची चुलत्यांची मिळून अठरा एकर बाग. सात वर्षांपासून युरोपला माल जातो, जास्त करून रॉटरडॅमला. इथे एका पोराकडून वेबसाइट करून घेतली होती. बागेचे फोटो, पॅकहाऊस, प्रमाणपत्रं, सगळं झकास. मोबाइलवर उघडून पाहुण्यांना दाखवायचो.

फेब्रुवारीत बर्लिनला फळांचं मोठं प्रदर्शन भरतं, फ्रूट लॉजिस्टिका. तिकडे गेलो होतो. एका नव्या खरेदीदाराशी बोलणं जमलं. मी कार्ड दिलं, घड छापलेलं, खाली वेबसाइट. त्याने माझ्यासमोरच मोबाइल काढून पत्ता टाकला. मग मोबाइल माझ्याकडे फिरवला. पांढरं पान, 'प्रवेश नाकारला'. मी म्हटलं, नेट कमी असेल. त्याने दुसऱ्या माणसाचा मोबाइल घेतला. तेच. माणूस सभ्य, काही बोलला नाही. कार्ड खिशात ठेवलं आणि 'कळवतो' म्हणाला. त्याचं कळवणं अजून चालू आहे.

हॉटेलवर येऊन पोराला फोन केला. तो म्हणतो, "दादा, फार हल्ले यायचे, म्हणून परदेश बंद करून टाकलं." कधी? "झालं असेल की वर्ष, सव्वा वर्ष." अरे बाबा, आमचं गिऱ्हाईक सगळं परदेशातच! निफाडमध्ये मी कुणाला द्राक्षं विकतोय वेबसाइटवरून?

आणि सव्वा वर्षात आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगणार कसं? ज्याला उघडत नाही त्याला आमचा ईमेल कुठून मिळणार? ज्यांना मिळाला असता त्यांना आम्ही आधीच ओळखतो. किती आले आणि परत गेले, ते त्या पोरालाही माहीत नाही.

मुक्ता_मस्कत

आई गं. ते मोबाइल फिरवून दाखवणं अगदी डोळ्यासमोर आलं.

गोदाकाठची_पोर

@शून्य_एक, तुम्ही म्हणाला होतात ना, सकाळी शांतता? ती ही शांतता.

शून्य_एक

मान्य. पण दादांच्या पोराने चूक केली ती बंद करण्यात नाही, न विचारता बंद करण्यात.

गोदाकाठची_पोर

दोन्हीत केली. पासवर्डचे हल्ले लॉगिनच्या पानावर होतात असं तुम्हीच लिहिलंत. मग कुलूप त्या पानाला लावा ना. बागेच्या फोटोंवर कोण हल्ला करतंय? आणि खरा चोर इथला एखादा सर्व्हर भाड्याने घेऊन भारतीय पत्त्यावरून येणार नाही का? त्याला ते जमतं. माझ्या आईला जमत नाही.

शून्य_एक

येऊ शकतो, येतोही. देश बंद केल्याने गोंगाट कमी होतो, चोर थांबत नाही. लॉगिनपुरतं कुलूप हे बरोबर उत्तर आहे, त्याला दोनाऐवजी वीस मिनिटं लागतात. चार हजारांत वीस मिनिटं बसतात, नाही असं नाही.

मायक्रॉन_काका

सगळा धागा वाचला. वेबसाइटी, कायदे, बर्लिन, सगळं झालं. एक गोष्ट कुणी विचारली नाही. लेथवाला, बेअरिंग काढून व्हर्नियर लावला का?

मी एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. अमेरिकन मशीनचे आटे इंचातले असतील, पण बॉल बेअरिंग बहुतेक मिलिमीटरमध्येच असतं. आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी, तीन मापं घ्या. कंपनीने स्वतःचा नंबर छापला म्हणून बेअरिंग काही त्यांच्या घरी बनत नाही, तेही बाजारातूनच घेतात.

लेथवाला

काका, नंबर घासून गेलाय म्हणून मी मॅन्युअलच्या मागे लागलो. मोजायचं सुचलंच नाही, खरं सांगतो. आता दुकानात जाऊन मोजतो.

लेथवाला

मोजलं. 30, 62, 16. दोन बेअरिंगं जोडीने बसवलेली आहेत.

मायक्रॉन_काका

7206. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणा, सहा पंचे तीस, आतला व्यास. अँग्युलर कॉन्टॅक्ट, म्हणजे तिरका दाब घेणारं, असणार. आता दोन गोष्टी लागतील: कोन किती आणि अचूकतेचा वर्ग कोणता. साधं घालू नका, ग्राइंडर आहे, पंखा नाही. आणि जोडी पाठीला पाठ होती की तोंडाला तोंड, ते काढताना पाहिलं होतं ना?

लेथवाला

पोराने काढलं. तो म्हणतो, लक्षात नाही. 😐

कॉलेजरोडकर

मग मॅन्युअल लागणारच. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पाहिलंत का? जुन्या साइटच्या प्रती तिथे साठवलेल्या असतात. कंपनीची साइट तुम्हाला अडवते, अर्काइव्ह नाही अडवत. फक्त फाइल साठवली गेली असायला हवी, ते नशिबावर.

सीबीएस_ते_सातपूर

हे भारी आहे. माझ्या कॉलेजची जुनी साइट सापडली. त्यात मी दुसऱ्या रांगेत, केस आहेत.

मिसळसम्राट

पुराव्यासाठी फोटो टाका, तोवर विश्वास नाही. अवांतर: या धाग्याचं संमेलन रविवारी मिसळीवर घेऊ. गोदाकाठची आणि मुक्ता यांना परदेशातून प्रवेश खुला आहे.

गोदाकाठची_पोर

रस्सा पार्सल करा. कस्टमवाले अडवतील, पण मला आता सवय आहे.

लेथवाला

मंडळी, अकरा दिवसांनी येतोय, माफी असावी.

कॉलेजरोडकरांचा जय असो. अर्काइव्हवर मॅन्युअलांच्या यादीचं पान मिळालं. माझ्या मॉडेलची फाइल उघडली, बेचाळीस पानांची, कुणाच्या तरी कॉफीच्या डागासकट स्कॅन केलेली. एकतिसाव्या पानावर स्पिंडलचं चित्र. जोडी पाठीला पाठ, कोन 15 अंश, वर्ग एबेक 7. काका म्हणाले म्हणजे आपल्याकडचा पी4. सातपूरच्या बेअरिंगवाल्याकडे त्या वर्गाचं नव्हतं, मुंबईत नागदेवीला मिळालं. किंमत ऐकून खाली बसलो, पण मशीनच्या मानाने काहीच नाही.

काल बसवलं. दोन तास मोकळं फिरवलं, हात लावून पाहिला, कोमट. गुणगुण बंद. जॉबवर लहर नाही.

कंपनीची साइट अजून बंदच आहे. त्या फोनवरच्या बाईंना एक पोस्टकार्ड टाकावं म्हणतोय, की मॅन्युअल मिळालं, तुमचंच आहे, तुमच्याकडे मात्र मिळालं नाही.

द्राक्षबाग_निफाड

अभिनंदन भाऊ! आमचीही साइट आता सगळीकडे उघडते. जर्मनीतल्या ताईंनी तिकडून उघडून फोटो पाठवला, त्यांचे आभार. घडांचा फोटो उलटा लागलाय तेवढं पोराला सांगितलंय.

शून्य_एक

मीही काल रात्री माझ्याकडच्या सगळ्या साइट तपासल्या. परदेश बंद केलेल्या नऊ निघाल्या. त्यांतल्या एकाचा पैठणीचा धंदा आहे आणि गेल्या वर्षी तो मला म्हणाला होता, हल्ली अमेरिकेहून चौकशा येत नाहीत. मी म्हटलं होतं, मंदी असेल.

नऊच्या नऊ उघडल्या, लॉगिनला कुलूप घातलं. पैठणीवाल्याला कारण कसं सांगायचं, तेवढं सुचवा कुणीतरी.

मिसळसम्राट

मंदी संपली म्हणून सांगा.

मायक्रॉन_काका

लेथवाला, डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना दांडा किती हलतो ते, पाहिला का? किती?

लेथवाला

पाहिला काका. तीन मायक्रॉन.

मायक्रॉन_काका

दोनच्या आत यायला हवा. खोला, पुसा, परत बसवा. पोराला हात लावू देऊ नका.